बिकानेरचे पाहुणे गरुड

राजस्थानात थरच्या वाळवंटात बिकानेर नावाचे जुने शहर आहे. शहराबाहेर थोड्या अंतरावर जोडबीड नावाचा माळ लागतो. बीड म्हणजे तिकडच्या बोलीत राखलेले कुरण. या माळाच्या एका भागात शहरातली व आसपासची मेलेली जनावरे आणून टाकतात. गाय, म्हैस, उंट, सगळे तिथेच येते. कातडे निघाले की उरलेले कुत्री आणि पक्षी खातात.

अशी जागा आपल्याही गावाबाहेर असते. तिकडून जाताना आपण नाकाला पदर लावतो, नाहीतर धोतराचा सोगा. मग तिथे मुद्दाम कोण जाईल? पण थंडीत देशोदेशीचे लोक जोडबीडला जातात. कारण थंडीत तिथे गरुड येतात. एक-दोन नव्हे, शेकड्यांनी येतात.

यातले बहुतेक स्टेप गरुड असतात. स्टेप म्हणजे झाडे नसलेला अफाट गवताळ मुलूख. असा मुलूख कझाकस्तान, रशिया, मंगोलिया या देशांत आहे. तिथे हा गरुड बहुधा जमिनीवरच घरटे करतो आणि खारीसारखे बिळातले प्राणी मारून खातो. हिवाळ्यात तिकडे बर्फ पडते व ते प्राणी बिळात झोपी जातात. मग गरुड खाणार काय? तो हजारो किलोमीटर उडून आपल्या देशात येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, मार्च लागला की परततो. कझाकस्तानच्या निशाणावर याच गरुडाचे चित्र आहे. काही गरुड आणखी दक्षिणेला, आपल्या महाराष्ट्रातल्या माळांवरही उतरतात. पण इतके एका ठिकाणी पाहायचे तर जोडबीडलाच जावे.

गरुड म्हटले की आपल्याला विष्णूचे वाहन आठवते. तो मेलेल्या जनावरावर कुत्र्यांशेजारी बसलेला पाहून काहींचे मन खट्टू होते. मला त्यात कमीपणा वाटत नाही. परमुलखात आलेल्याला आयते मिळाले तर तो का सोडील?

आता जायचे कसे ते पाहू. मुंबईहून आणि पुण्याहून बिकानेरला रेल्वेगाड्या जातात. डिसेंबर आणि जानेवारी हे महिने उत्तम. निदान दोन सकाळी हाताशी ठेवाव्या, कारण एखादी सकाळ धुक्यात जाते. बिकानेरात जीपवाले मिळतात. जोडबीडची वाट जाणणारा घ्यावा. माळ वनखात्याच्या राखणीत आहे, म्हणून आत जाण्याआधी चौकशी करावी.

थंडीला मात्र हसू नका. वाळवंट म्हणजे ऊन, अशी आपली समजूत. पण वाळू जशी लवकर तापते तशी लवकर निवतेही. जानेवारीत रात्री पारा चार-पाच अंशांवर येतो, कधी त्याखालीही जातो. उघड्या जीपमध्ये वारा हाडांत शिरतो. एकच जाड कोट घेण्यापेक्षा अंगावर तीन-चार कपडे एकावर एक घालावे. ऊन चढले की एकेक काढता येतो. कानटोपी, हातमोजे, दोन जोड मोजे हवेत. आपली घोंगडी असली तर फारच छान. तिचा रंगही मातीत मिसळतो. पांढरा सदरा व लाल फेटा मुक्कामाच्या जागी ठेवून जावे. पक्ष्याची नजर आपल्यापेक्षा फार तीक्ष्ण असते.

उजाडताच माळावर असावे. त्या वेळी गरुड खेजडीच्या झाडांवर नाहीतर जमिनीवर अंग फुलवून बसलेले असतात. खेजडी म्हणजे आपली शमी. ते लवकर उडत नाहीत. का? जड पक्ष्याला पंख मारून वर जाणे महागात पडते. नऊ-दहा वाजता जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते, आणि गरुड पंख पसरून तिच्यावर स्वार होतो. मग पंख न हलवता गोल गोल फिरत तो उंच जातो. बसलेला गरुड सकाळी पाहावा, उडणारा त्यानंतर.

घार आणि गरुड यांत घोटाळा करू नका. माळावर घारीही पुष्कळ असतात. घारीच्या शेपटीला मधे खाच असते. गरुडाची शेपूट गोलसर आणि अंग कितीतरी मोठे. स्टेप गरुडाचे पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत ६ फुटांच्या आसपास भरतात. तोंडाची पिवळी कड डोळ्याच्या मागच्या टोकापर्यंत गेलेली दिसते. लहान वयाच्या गरुडाच्या पंखाखाली लांब पांढरा पट्टा असतो. मानेवर फिकट सोनेरी रंग आणि खांद्यावर पांढरे डाग दिसले तर तो दुसरा, शाही गरुड.

फोटो काढायचा तर सूर्य पाठीशी घ्यावा. लांबचे दाखवणारे भिंग हवे, ४०० मिलिमीटरचे असले तर बरे. उडता पक्षी टिपताना कॅमेऱ्याची उघडझाप सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकी किंवा त्याहून जलद ठेवावी. नेम डोळ्यावर धरावा. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी. कॅमेरा नाही? काही बिघडत नाही. एक दुर्बीण चौघांत पुरते. दुर्बिणीच्या डोळ्याला मोबाइल लावूनही बरा फोटो निघतो, पण हात स्थिर हवा.

आणि जीपमधून उतरू नका. गरुड गाडीला फारसा भीत नाही, चालत्या माणसाला भितो. शिवाय तिथे मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या असतात. मांसावर पोसलेली कुत्री ती, एकट्या माणसाला जुमानत नाहीत. गरुडाने मान ताठ केली, अंग पुढे झुकवले, की समजावे आपण फार जवळ आलो. तिथेच थांबावे. उडतानाचा फोटो हवा म्हणून कोणी टाळ्या वाजवतो, कोणी गाडी अंगावर घालतो. मला हा शुद्ध आडदांडपणा वाटतो. पक्षी पोट भरायला इतक्या लांबून आला, आणि आपण त्याला ताटावरून उठवायचे!

पण गरुडाला खरे भय कॅमेऱ्याचे नाही. ते त्याच्या ताटातच आहे, आणि तिथे आपला, म्हणजे जनावरे पाळणाऱ्यांचा, संबंध येतो.

डायक्लोफिनॅक नावाचे दुखणे थांबवणारे औषध आहे. ते आजारी बैलाला टोचले आणि बैल थोड्याच दिवसांत मेला, तर औषध त्याच्या मांसात राहते. ते मांस गिधाडाने खाल्ले की त्याचे मूत्रपिंड बंद पडते आणि ते मरते. गिधाडे का नाहीशी झाली याचे हे कारण २००४ साली उघड झाले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचे तर १९९२ ते २००७ या काळात भारतात हजारातले एखादेच उरले. २००६ साली सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केले. तरी माणसांसाठीचे औषध चोरून जनावरांना टोचणे चालू राहिले. पुढे राजस्थानात, मेलेली जनावरे टाकायच्या जागी, दोन स्टेप गरुड मरून पडलेले सापडले. तपासात त्यांच्या शरीरात डायक्लोफिनॅक निघाले. हा अभ्यास २०१४ साली छापून आला. तोवर लोक समजत होते की हे विष गिधाडांनाच बाधते.

आता तुम्हाला वाचता येते. गुरांना औषध टोचण्याआधी कुपी हातात घ्या व नाव वाचा. डायक्लोफिनॅक असेल तर नको म्हणा. असिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन हीही तशीच घातक आहेत. जनावरांसाठी ती दोन्ही २०२३ साली बंद झाली. त्याऐवजी डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागा. त्याने जनावराचे दुखणे थांबते आणि पक्षी मरत नाही. कुपीवरचे नाव पुष्कळदा इंग्रजीत असते. तेव्हा ही चार नावे दुकानदाराकडून किंवा शाळेतल्या मुलाकडून इंग्रजीत लिहून घ्या, आणि तो कागद गोठ्याच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.