छेदातली बेरीज

चि. मृण्मयीस,


बाल्कनीतल्या लूप अँटेनाचा रेडिएशन रेझिस्टन्स जेमतेम सहा मिलिओहम आला म्हणून तू गणित पुन्हा पुन्हा तपासते आहेस. गणित बरोबर आहे. लहान लूपचं असंच असतं.

परीघ तरंगलांबीच्या दहाव्या हिश्शाच्या आत असला की लूपभर प्रवाह जवळजवळ सारखाच असतो. समोरासमोरच्या बाजूंना त्याची दिशा उलट, त्यामुळे दोन्हींच्या लहरी एकमेकींना बहुतांशी मारून टाकतात. दोन बाजूंमधल्या अंतरामुळे जो किंचित फरक उरतो, तेवढंच बाहेर पडतं. म्हणून सूत्रात परीघ भागिले तरंगलांबी, याचा चौथा घात येतो. त्याला 197 ने गुणायचं. तुझी लूप 1 मीटर व्यासाची, म्हणजे परीघ 3.14 मीटर. 7.1 मेगाहर्ट्झला तरंगलांबी 42.2 मीटर. गुणोत्तर 0.0744, उत्तर 0.006 ओहम.

पण हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. शेजारी तोट्याचा रोध मांडल्याशिवाय वही मिटू नकोस. या फ्रिक्वेन्सीला प्रवाह तांब्याच्या वरच्या सुमारे 25 मायक्रॉनच्या थरातूनच वाहतो, त्यामुळे 22 मिलिमीटर जाडीच्या नळीचा रोध 32 मिलिओहम भरतो. 6 भागिले 38, म्हणजे कार्यक्षमता 16 टक्के. त्यात नट-बोल्टने आवळलेला एखादा सांधा 50 मिलिओहमचा निघाला, तर ती 7 टक्क्यांवर येईल. तेव्हा सांधे ब्रेझिंग करूनच घे, आणि कपॅसिटर बटरफ्लाय जातीचा लाव. त्यात प्रवाहाच्या वाटेत घासणारा संपर्क येत नाही.

हिशेबाचा पडताळा बँडविड्थने घे. लूप नीट मॅच केल्यावर अर्धी शक्ती परत येते अशा दोन फ्रिक्वेन्सींमधलं अंतर सुमारे 5 किलोहर्ट्झ यायला हवं. ते 10 आलं, तर ट्यूनिंग सोपं झालं म्हणून खूश होऊ नकोस. कुठेतरी तेवढाच आणखी रोध लपला आहे; तो शोध.

एक गोष्ट मात्र आज्ञा समज. 10 वॅटलासुद्धा या लूपमध्ये 16 अँपिअर वाहतात आणि कपॅसिटरवर अडीच हजार व्होल्टचं शिखर येतं. ट्रान्समिट करताना कुणाचाही हात तिथवर पोचता कामा नये.

16 टक्क्यांनी खचू नकोस. मोर्सवर एवढ्यातही दूरवर बोलता येतं. सुधारायचंच तर दुसरा वेढा देण्याआधी व्यास वाढवून बघ. दीड मीटर केलास तर रेडिएशन रेझिस्टन्स पाचपट होतो, नळीचा तोटा मात्र दीडपटच. भागाकार तू कर आणि बाल्कनीत तेवढी लूप मावते का, ते मोजून मला कळव.

तुझा,
मामा