खोक्यावरचा लिटरचा आकडा

प्रोटीन स्किमरच्या खोक्यावर ‘अमुक लिटरपर्यंतच्या टँकसाठी’ असं ठळक छापलेलं असतं. हा आकडा कुठल्याही सर्वमान्य चाचणीतून आलेला नसतो. फ्रिजवर निदान बीईईचे तारे तरी असतात. स्किमर तपासून त्यावर शिक्का मारणारं कोणीच नाही, कंपनी म्हणेल ते माप. काही उत्पादक हलकी, मध्यम आणि दाट वस्ती असे तीन आकडे देतात. दाट वस्तीचा आकडा हलक्याच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आलेला असतो, पण दाट म्हणजे किती मासे आणि किती खाणं, याचा खुलासा कुठेच नाही. दुकानात बोट ठेवलं जातं ते मात्र तिन्हींतल्या सगळ्यात मोठ्या आकड्यावर. दोन क्लाउनफिश आणि चार मऊ कोरल असतील तर या थापेने काही बिघडत नाही, कुठलाही स्किमर चालून जातो. पाच-सहा टँग, अँथियसचा थवा आणि दिवसातून तीनदा खाणं असलेल्या माणसाला तोच आकडा हजारोंनी बुडवतो, आणि वर ‘तुम्हीच मासे जास्त घातलेत’ हे ऐकून घ्यावं लागतं. मला हा आरोप मुळातच मान्य नाही. दाट वस्तीसाठी म्हणून विकलेली वस्तू दाट वस्तीत टिकली नाही, तर दोष वस्तीचा कसा?

स्किमर काय करतो हे रीफवाल्यांना सांगायला नको. मुद्दा एवढाच, की त्याच्यावरचा भार टँकमध्ये पाणी किती आहे यावर ठरत नाही, रोज त्या पाण्यात खाणं किती पडतं यावर ठरतो. बुडबुड्यांना चिकटून वर येणारा सेंद्रिय माल खाण्यातून, विष्ठेतून, कोरलच्या स्रावातून येतो. लिटरमधून येत नाही. लिटर विचारून स्किमर देणं म्हणजे घर किती चौरस फुटांचं ते विचारून तांदूळ मोजून देणं. शिवाय लिटर तरी कुठले? ४ बाय २ बाय २ फुटांच्या टँकचं माप हिशेबाने ४५३ लिटर येतं. काच, खडक आणि वरची मोकळी कड वजा केली की पाणी बरंच कमी भरतं, सम्प धरला की पुन्हा वाढतं. या घोळात पडण्यापेक्षा आठवडाभर खाणं तोलून बघा. कोरडे दाणे वेगळे लिहा आणि गोठवलेलं खाणं वेगळं, कारण गोठवलेल्या तुकड्याच्या वजनात बहुतांश पाणीच असतं. हा हिशेब दुकानदाराच्या उपयोगाचा नाही, तो ऐकूनच घेणार नाही. साधारण तेवढंच खाणं पडणारा दुसऱ्या कोणाचा टँक शोधायला मात्र तो उपयोगी पडतो, आणि वर्षभर चालत आलेला स्किमर अर्धा तास उभं राहून पाहणं कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त शिकवतं.

‘महागडा घ्या, म्हणजे प्रश्नच नाही’ हा पहिला आक्षेप. त्याला उत्तर पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन यांनी देऊन ठेवलं आहे. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००९ पासून ‘अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅक्वारिस्ट’ या मासिकात स्किमरची मोजमापं प्रसिद्ध केली. पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजला, तेव्हा वेगवेगळ्या बनावटीच्या यंत्रांनी त्यातला साधारण २० ते ३५ टक्केच काढला; बाकीचा बुडबुड्यांना चिकटतच नाही. यंत्रायंत्रांत डोळे दिपावेत असा फरकही आढळला नाही. पुढे कपातला गाळ वाळवून तपासला, तर त्यात कॅल्शियम कार्बोनेट आणि सिलिका बरंच निघालं. म्हणजे काळाकुट्ट कप दाखवून ‘बघा सर, किती घाण काढतो’ हा युक्तिवादही तितकासा खरा नाही. नायट्रेट आणि फॉस्फेट तर स्किमर थेट काढतच नाही, ते तयार होण्याआधीचा माल काही प्रमाणात उचलतो. यावरून ‘मग स्वस्तातला स्वस्त घ्यावा’ असं कोणी म्हणेल, तर तेही चूक. या चाचण्या नीट चालणाऱ्या यंत्रांवर झाल्या. आपला प्रश्न यंत्र तीन वर्षं नीट चालेल का, हा आहे. बुडबुड्यांच्या रसायनात फारसा फरक नसेल, तर पैसे पंपासाठी मोजावेत, गळ्याच्या व्यासासाठी, सुट्या इम्पेलरसाठी मोजावेत. रंगीत कंट्रोलरसाठी मोजू नयेत.

आता विकणाऱ्यांच्या वागण्याबद्दल, कारण खरी चीड तिथे आहे. नव्या स्किमरला ‘ब्रेक-इन’ लागतो हे खरं आहे. अ‍ॅक्रिलिकवर कारखान्यातला तेलकट अंश असतो, तो जाईपर्यंत फेस कधी धरत नाही, कधी कपाबाहेर उसळतो. आठवडा जातो, कधी थोडा जास्तही. पण हेच सत्य ढालीसारखं वापरलं जातं. पहिल्या आठवड्यात तक्रार केली तर ‘ब्रेक-इन होने दो, सर’. दुसऱ्या आठवड्यात ‘मीठ कुठलं वापरता?’ मग हाताला तेल लागलं असेल, खडक चिकटवायची पुट्टी नवी असेल, खाण्यात तेल जास्त असेल. या प्रत्येक गोष्टीने फेस बसतो हेही खरंच, म्हणून वाद घालता येत नाही. शेवटी बंगळूरचं ते सुप्रसिद्ध ‘स्वल्प अड्जस्ट माडी’ येतं, आणि तोवर परत घेण्याची मुदत संपलेली असते. उलगडा होतो तो इथे: जी मुदत ब्रेक-इनपेक्षा छोटी आहे, ती मुदत नव्हेच. म्हणून खरेदीच्या दिवशीच बदलून देण्याची मुदत महिनाभराची लिहून घ्या, बिलावर, सहीसकट. मेसेजवरचा अंगठा पुरावा नसतो. बिलाला नकार देणाऱ्याकडून तर काहीच घेऊ नका, कोरल मुळीच नको. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि निस्तरावं लागेल ते तुम्हालाच.

बंगळूरजवळच्या आनेकलसारख्या ठिकाणी यात आणखी काही गोष्टी मिसळतात, ज्यांचा खोक्यावर उल्लेख असण्याची शक्यताच नाही. समुद्र इथून जवळपास तीनशे किलोमीटर. मुंबईत मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाला समोरच अरबी समुद्र होता. इथे पाणी बदलायचं म्हणजे टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी आरओ-डीआयमधून काढून त्यात विकतचं मीठ कालवायचं. त्यामुळे ‘पाणी जास्त बदला’ हा सल्ला फुकट असला तरी अंमलबजावणी फार महाग, आणि भार स्किमरवरच येतो. दुसरं, हे गाव समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर आहे. हवेचा दाब सुमारे दहा टक्क्यांनी कमी, म्हणून २६ अंशांच्या खाऱ्या पाण्यात किनाऱ्यावर लिटरला पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावत असेल तर इथे सहाच्या जवळपास मावतो. दाट वस्तीत हा फरक रात्री जाणवतो, आणि स्किमरचं हवा मिसळण्याचं काम घाण काढण्याइतकंच मोलाचं ठरतं. तिसरी गोष्ट फ्रिक्वेन्सीची, आणि इथे पुष्कळजण अडकतात. अमेरिकेतून परतणारे इंजिनियर सामानातून आणतात ते, किंवा मागाहून विकतात ते स्किमर ६० हर्ट्झचे असतात. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला की व्होल्टेज उतरतं, फ्रिक्वेन्सी आपली ५० चीच राहते. मिनिटाला ३६०० फेरे घेणारा एसी पंप ३००० वर येतो आणि हवा कमी खेचतो. यंत्र चालू दिसतं, कप मात्र भरत नाही. ‘टँकमध्ये घाणच नाही’ म्हणून विकणारा खूश. डीसी पंपाला ही अडचण नाही, पण त्याचा कंट्रोलर जळला तर सुटा मिळतो का, हे आधीच विचारून घ्या.

दुसरा आक्षेप जरा विचार करण्याजोगा आहे: स्किमरशिवायही रीफ चालतात. मोनॅकोत जाँ जोबेर यांनी वाळूच्या जाड थराखाली पाण्याची पोकळी ठेवून, आणि स्मिथसोनियनमध्ये वॉल्टर अ‍ॅडी यांनी शेवाळाच्या चटया वाढवून ते करून दाखवलं. नाकारण्याचं कारण नाही. पण वाळूतल्या जिवाणूंना आणि शेवाळाला आपला वेग असतो, आणि दिवसातून तीनदा पडणारं खाणं त्या वेगासाठी थांबत नाही. शेवाळ जोडीला ठेवावं, स्किमरच्या जागी नको. तिसरा आक्षेप म्हणजे ‘शक्य तितका मोठा घ्या’. गळा फार रुंद असला आणि माल त्या मानाने कमी आला, तर फेस मधेच बसतो, कपापर्यंत पोचत नाही. दाट वस्तीला एक माप मोठा ठीक. तिप्पट मोठा म्हणजे पैसे आणि वीज दोन्ही वाया. ४० वॅटचा पंप महिन्याला जवळपास २९ युनिट खातो. माझं मत विचाराल तर एका अजस्र यंत्रापेक्षा मध्यम आकाराची दोन बरी. एक धुवायला काढलं तरी दुसरं चालू राहतं.

राहता राहिली बसवण्याची बाब. बहुतेक स्किमर ठरावीक खोलीच्या पाण्यात उभे राहतात, साधारण ७ ते ९ इंच, आणि ती खोली हलली की फेस बिघडतो. म्हणून सम्पमध्ये त्याचा कप्पा वेगळा आणि पातळी स्थिर हवी. कॅबिनेट करणाऱ्या सुताराला स्किमरची उंची सांगून भागत नाही, कप वर उचलून काढायला लागणारी जागाही सांगावी लागते. वीज गेली की वरचं पाणी सम्पमध्ये उतरतं, परत आली की बुडालेला स्किमर उसळून कपातली सगळी घाण पुन्हा पाण्यात ओततो. त्यामुळे रिटर्न पंप सुरू झाल्यावर काही मिनिटांनीच स्किमर सुरू होईल असा टायमर लावा. बॅटरी लहान असेल तर आधी पाणी हलवणारा पंप, स्किमर नंतर. फेस ओला ठेवत असाल तर खारटपणा आठवड्याला मोजा, कारण कपातून खारं पाणी जातं आणि ऑटो टॉप-ऑफ त्या जागी गोडं भरतं. आणि हवेची नळी. स्किमर दिवसरात्र खोलीतली हवा पाण्यात घुसळत असतो. त्या खोलीत डास मारायचं लिक्विड मशीन लावलेलं असेल, तर त्यातलं पायरेथ्रॉइडही त्याच वाटेने आत जातं, आणि ते मासे, कोळंबी दोघांनाही विष आहे. नळी लांबवून खिडकीबाहेर न्या. खोलीतला कार्बन डायऑक्साइडही त्याने टळतो आणि पीएच थोडा वर राहतो. फक्त शेजारच्या प्लॉटवर बांधकाम किंवा रंगकाम चालू असेल, जे आनेकलच्या नव्या लेआउटांत कायमच असतं, तर तेवढे दिवस नळीच्या तोंडाशी कार्बनची डबी बसवा.