चिठ्ठी हातात घेताना

चिरंजीवास,


तुझं मेडिकल सुरू झालं, फार आनंद वाटला. तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात सगळे ओळखीचे. तापखोकल्याच्या गिऱ्हाइकाला ही ओळख सोयीची असते. मनाच्या आजाराची चिठ्ठी आणणाऱ्याला त्याच ओळखीची धास्ती वाटते. म्हणून तो जवळचं दुकान टाळून एसटीने दुसऱ्या गावी जातो. गोळ्या स्वस्त असल्या तरी भाडं आणि बुडालेली मजुरी धरून त्या महाग पडतात. मग एखाद्या महिन्यात फेरी हुकते आणि गोळ्या तुटतात. औषधाचा खर्च, नियमितपणा आणि गुप्तता या गोष्टी मला एकाच दोरीचे पदर वाटतात, आणि त्यातला गुप्ततेचा पदर बराचसा तुझ्या हातात आहे.

गोळ्या तुटण्याचं दुखणं समजून घे. एस्सिटालोप्रामसारख्या औषधात मळमळ, बेचैनी असा त्रास पहिल्या दिवसांतच होऊ शकतो. गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटू लागल्यावरही काही महिने ते चालू ठेवावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच ‘आता कशाला?’ असं वाटतं. लिथियम एकाएकी बंद केलं तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. ‘या लोकांना औषध घ्यायचंच नसतं’ असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घ आजारांचे जेमतेम निम्मे रुग्ण औषध नीट घेतात. रक्तदाबवालेही त्यातच आले.

खर्चाबद्दल थोडक्यात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत मोफत मिळायला हवीत असं ठरवलं आहे. स्वस्त औषधांची जनऔषधी दुकानंही 2008 पासून आहेत. परवडत नसेल त्याला हे सांग. ‘मग माझा धंदा?’ असं तुला वाटेल, आणि ते रास्त आहे. दुकानाचं भाडं तुलाही चुकलेलं नाही. पण खर्चापायी ज्याचं औषध सुटतं, ते गिऱ्हाईक तसंही तुझं राहत नाही. मात्र स्वस्ताच्या नादात चिठ्ठीवरचं औषध परस्पर बदलू नकोस. लिथियमची साधी गोळी आणि सावकाश विरघळणारी गोळी या एक नव्हेत. डॉक्टरांना फोन कर.

आता गुप्तता. ‘कायदाच नोंद ठेवायला लावतो, मग गुप्तता कसली?’ हा आक्षेप तू घेशील. अल्प्राझोलॅम, झोल्पिडेम अशी एच-वन परिशिष्टातली औषधं देताना डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि त्याचं प्रमाण वेगळ्या वहीत लिहावं लागतं आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते, हे खरं. पण ती वही तपासणी अधिकाऱ्यासाठी आहे, पुढच्या गिऱ्हाइकाने वाचण्यासाठी नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: न विचारता औषध सुरक्षित कसं द्यायचं? लिथियम घेणाऱ्याने गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक मागितलं तर गप्प बसणं हा गुन्हाच, कारण अशा वेदनाशामकांनी रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. तेव्हा विचारायलाच हवं. फक्त बाजूला घेऊन, हळू आवाजात, आजाराचं नाव न घेता. ‘आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारलास तर कोणी वेगळं पडत नाही.

आणि नातेवाईक? सुनेला कसल्या गोळ्या चालू आहेत, हे सासरे सहज विचारतील. घरच्यांच्या आधाराशिवाय उपचार टिकत नाहीत हे मलाही मान्य आहे, पण कोणाचा आधार घ्यायचा हे तिने ठरवायचं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं 23 वं कलम आजाराची आणि उपचाराची गुप्तता हा रुग्णाचा हक्क मानतं. तिने नेमलेला प्रतिनिधी, दुसऱ्याच्या जिवाला धोका, असे मोजकेच अपवाद ठेवतं. सासऱ्यांना नम्रपणे सांग, ‘तिलाच विचारा.’

कामावरच्या मुलालाही हे शिकव. गोळ्यांचं नाव दुकानभर ओरडून मागायचं नाही, चिठ्ठीचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत, पिशवी आतलं दिसेल अशी द्यायची नाही. काउंटरच्या टोकाला एक खुर्ची मांड, आणि एच-वनची वही कुलपाच्या खणात ठेव.

तुझा,
मामा