विली लोमनला खरंच काही कळलं नव्हतं का?

प्रश्न : आर्थर मिलरचं 'डेथ ऑफ अ सेल्समन' नुकतंच वाचून संपवलं. शेवटी थोरला मुलगा बिफ बापाबद्दल म्हणतो, की आपण कोण आहोत हे त्याला कधी कळलंच नाही. मला तर वाटलं, त्या घरात कोणालाच ते कळत नाही. 63 वर्षांचा माणूस स्वतःला इतका परका कसा राहतो? आणि बिफला तरी खरंच काही सापडलं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बिफ हे बोलतो ते बापाच्या कबरीपाशी. त्यामुळे आपण ते अंतिम निकालासारखं वाचतो. मला मात्र ते अर्धंच पटतं. विली लोमनला आपण कोण आहोत हे पक्कं ठाऊक होतं, पण ते त्याला हलकं वाटत होतं.

पुरावा बिफच्याच तोंडी आहे. तो निकाल देण्याआधी त्याला जुने रविवार आठवतात. घरापुढच्या पायऱ्या, तळघर, व्हरांडा, जादा न्हाणीघर, गॅरेज, सगळं बापाच्या हातचं. आयुष्यभराच्या विक्रीपेक्षा त्या पायऱ्यांमध्येच बाप जास्त सापडतो, असं तो सांगतो. शेजारी चार्लीही दुजोरा देतो, की सिमेंट कालवायला मिळालं की हा गडी खूश असायचा. म्हणजे खरा विली कुठे आहे, हे सगळ्यांना दिसत होतं.

आणि विलीलाही. पहिल्या अंकात चार्ली रात्री पत्ते खेळायला येतो आणि विलीने स्वतः बसवलेल्या छताचं कौतुक करतो. असलं काम आपल्याला कोड्यासारखं वाटतं, अशी कबुलीही देतो. त्यावर विली त्याला झाडतो, की ज्याला हत्यारं चालवता येत नाहीत तो कसला पुरुष! हा स्वर लक्षात ठेवा आणि विक्रीचे आकडे सांगतानाचा स्वर त्याच्याशेजारी ठेवून बघा. फिरतीवरून आल्यावर तो बायकोला, लिंडाला, थाटात सांगतो, प्रॉव्हिडन्समध्ये 500 आणि बॉस्टनमध्ये 700. ती बिचारी कमिशनचा हिशोब मांडायला बसते, तसा हा उतरत जातो आणि सगळ्या फिरतीचे मिळून जेमतेम 200 निघतात. छताच्या बाबतीत मात्र त्याला काहीच फुगवावं लागत नाही. तो नेमका काय माल विकतो, हे मिलर शेवटपर्यंत सांगत नाही. नमुन्यांच्या त्या दोन जड पेट्या रंगमंचावर येतात, पण कधी उघडत नाहीत.

मग अडलं कुठे? पहिल्या अंकाच्या शेवटाकडे बिफ चिडून म्हणतो, की या शहरात आपलं काय काम, आपण कुठेतरी मोकळ्या माळावर सिमेंट कालवायला हवं होतं, सुतार व्हायला हवं होतं. तेवढ्यात विली आत येतो आणि फटकारतो : तुमचा आजासुद्धा सुताराच्या वरचा होता! आता हा आजा कोण, ते विलीचा थोरला भाऊ बेन सांगतो. गाडीत कुटुंबकबिला घालून तो देशभर हिंडायचा, वाटेत बासऱ्या करायचा आणि गावोगाव त्या विकायचा. नाटकाच्या सुरुवातीला आणि शेवटी बासरी वाजते, ती उगाच नाही. आजा स्वतः घडवलेली वस्तू विकत होता. विलीने त्यातली विक्री तेवढी उचलली आणि घडवणं रविवारपुरतं ठेवलं.

त्याने डोळ्यांसमोर ठेवला तो डेव्ह सिंगलमन नावाचा सेल्समन. 84 व्या वर्षी हा म्हातारा हॉटेलच्या खोलीत हिरव्या मखमली सपाता घालून बसायचा आणि नुसत्या फोनवर धंदा करायचा. तो गेला तेव्हा शेकडो सेल्समन आणि खरेदीदार अंत्ययात्रेला लोटले. विलीच्या मनात भरली ती ही गर्दी. माणसं आपल्याला किती मानतात, यावर त्याने स्वतःची किंमत ठरवली. त्याच्या स्वतःच्या अंत्यविधीला घरचे तिघं आणि चार्ली-बर्नार्ड हे शेजारी बापलेक. बस.

तरी मला सर्वांत जास्त बोचतो तो वाळूचा प्रसंग. बेन थोडा वेळ घरी आलाय. आफ्रिकेत हिऱ्यांवर गबर झालेला भाऊ. त्याच्यापुढे मिरवण्यासाठी विली पोरांना पिटाळतो : शेजारी इमारतीचं बांधकाम चाललंय तिथून वाळू उचलून आणा, आत्ताच्या आत्ता पायऱ्या नव्याने बांधू. चार्ली बजावतो, की राखणदार पोलीस बोलावेल. बाप उलट गेल्या आठवड्यात पोरांनी आणलेल्या लाकडाची फुशारकी मारतो. ज्या पायऱ्यांत हा माणूस खराखुरा उतरला, त्या पायऱ्यांची वाळूसुद्धा चोरीची, आणि काम करायचं तेही कोणाच्या तरी डोळ्यांत भरण्यासाठी. 'स्वत्व' सापडूनही ते नासवता येतं, हे इतक्या कमी शब्दांत दाखवलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

(जाता जाता : 1948 च्या वसंतात कनेटिकटमध्ये मिलरने स्वतःच्या हातांनी एक छोटी लाकडी खोली बांधली आणि तिच्यात बसून हे नाटक लिहिलं. पहिला अंक दिवस-रात्रीच्या एकाच बैठकीत झाला. विलीचं सुतारकाम लेखकाला परकं नव्हतं.)

आता बिफ. त्या वाळूचं व्याज त्यानेच फेडलं. कॅन्सस सिटीत सूट चोरून तो तुरुंगात जाऊन आला आहे, आणि नोकऱ्याही चोरीपायीच गेल्या आहेत. जुन्या मालकाच्या, ऑलिव्हरच्या, ऑफिसात सहा तास ताटकळल्यावर त्याच्या ध्यानात येतं, की आपण या माणसाचे सेल्समन कधी नव्हतोच, माल पाठवणारे साधे कारकून होतो. घरात इतकी वर्षं वेगळंच सांगितलं गेलं आणि तोही ते खरं मानत आला! ऑलिव्हरचं पेन उचलून तो अकरा मजले खाली धावतो आणि मध्येच थबकतो, की हे मी कशासाठी पळवतोय? बापासमोर उभं राहून आपण चारचौघांसारखेच आहोत असं तो रडत ओरडतो, तेव्हा एवढं खरं बोलणारा त्या घरातला तो पहिलाच. पण आपण काय नाही, एवढंच त्याला कळलं आहे. पश्चिमेकडच्या शेतांवर त्याने आधीही कामं केली होती आणि प्रत्येक वेळी वसंत आला की बेचैन होऊन सोडली होती. या वेळी तो तिथे टिकेल का, हे मिलर सांगत नाही. म्हणून बिफला मी काठावर पास करेन.

लिंडाबद्दल थोडक्यात. तिला सगळं माहीत असतं, गॅसने जीव द्यायला विलीने तळघरात दडवलेली रबराची नळीसुद्धा. रोज ती काढते आणि विली घरी यायच्या आत परत जागेवर ठेवते, का तर त्याचा अपमान नको. नवऱ्याचा भ्रम जपण्यात तिने स्वतःकडे बघायची वेळच येऊ दिली नाही. चार्लीचं निराळं. आपण कोण वगैरे प्रश्न त्याला पडत नाहीत, आणि विलीला आठवड्याला 50 डॉलरची नोकरी द्यायला तोच पुढे येतो. विली त्याच्याकडून उसने पैसे घेतो, पण नोकरी घेत नाही. नोकरी घेतली तर डेव्ह सिंगलमन मेला असं मान्य करावं लागेल.

10 फेब्रुवारी 1949 ला न्यूयॉर्कच्या मोरॉस्को थिएटरात हे नाटक ब्रॉडवेवर आलं आणि तिथे त्याचे 742 प्रयोग झाले. प्रेक्षक विलीसाठी रडले, ते रास्तच. तुम्ही मात्र पुन्हा वाचाल तेव्हा धाकट्या हॅपीवर नजर ठेवा. स्वतःला असिस्टंट बायर म्हणवतो, प्रत्यक्षात असिस्टंटच्या दोन असिस्टंटांपैकी एक. घरी सांगत राहतो, आता लग्न करतो. सुतारकामाचं निदान विलीला सुख तरी होतं, याला कशाचंच नाही. कबरीपाशी सगळे खाली मान घालून उभे असताना, बापाचं स्वप्न आपण खरं करून दाखवणार, अशी शपथ घेणारा तोच आहे. तुमच्या प्रश्नातलं 'कोणालाच कळत नाही' हे खऱ्या अर्थाने लागू पडतं ते फक्त हॅपीला.