बातमीचे मोजमाप कसे करावे?



प्रयोगशाळेत लांबी मोजण्यापूर्वी आपण फूटपट्टीची कड झिजलेली नाही ना, हे पाहतो. तापमापी वितळत्या बर्फात बुडवली की शून्य दाखवते की नाही, हेही तपासतो. मग रोज आपल्यापुढे येणाऱ्या बातमीचे काय? तिच्या बाबतीत आपण एवढी काळजी घेतो काय? बहुधा नाही. "ते वृत्तपत्र कोणत्याही पक्षाचे नाही, स्वतंत्र आहे; म्हणजे त्यातले खरेच असणार," असे म्हणून आपण मोकळे होतो. हा निष्कर्ष कितपत बरोबर आहे, हे पाहण्यासाठी 1835 सालच्या न्यूयॉर्क शहरात जाऊ या.

एका सेंटचे दैनिक

त्या काळी न्यूयॉर्कमधील बहुतेक दैनिके सहा सेंटला मिळत आणि त्यांतील कित्येक कोणत्या ना कोणत्या राजकीय पक्षाच्या आश्रयाने चालत. 3 सप्टेंबर 1833 रोजी बेंजामिन डे या तरुण मुद्रकाने 'सन' नावाचे दैनिक काढले. आपल्या बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघून तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. 'सन'ची किंमत एकच सेंट. मुले रस्त्यावर ओरडून ते विकत. त्याला पक्षाचा पैसा नको होता. विक्री आणि जाहिराती यांवर त्याचा खर्च निघे. म्हणजे 'सन' पक्षापासून स्वतंत्र होते. विक्रीपासून मात्र ते मुळीच स्वतंत्र नव्हते. हा मुद्दा लक्षात ठेवा.

25 ऑगस्ट 1835 पासून 'सन'मध्ये सहा लेखांची माला आली. विख्यात ज्योतिर्विद जॉन हर्शेल यांनी दक्षिण आफ्रिकेतील केप ऑफ गुड होप येथे 24 फूट व्यासाच्या भिंगाची दुर्बीण उभारली असून ती 42,000 पट मोठे दाखवते, असे त्यात म्हटले होते. त्या दुर्बिणीतून चंद्रावर अरण्ये दिसली, दोन पायांवर चालणारे प्राणी दिसले आणि शेवटी सुमारे चार फूट उंचीची, वटवाघळासारखे पंख असलेली माणसेही दिसली! हे सर्व 'एडिंबरो जर्नल ऑफ सायन्स' या शास्त्रीय नियतकालिकातून घेतले आहे, अशी ग्वाही दिलेली होती. अंकांवर लोकांच्या उड्या पडल्या.

यातले खरे काय होते? हर्शेल खरोखरच केपमध्ये होते आणि दक्षिणेकडील आकाशाचे निरीक्षण करीत होते. बाकी सारे रचलेले होते. ज्या नियतकालिकाचा आधार दिला होता, ते त्या नावाने निघणे काही वर्षांपूर्वीच बंद झाले होते. खऱ्या माणसाचे नाव आणि खरे ठिकाण यांच्या आधाराने खोटे कसे उभे राहते, हे यावरून ध्यानात येईल.

वाचकाला तपासता आले असते काय?

केपहून पत्र यायला जहाजाने महिने लागत. पण थोडे गणित घरी बसून करता आले असते. तुम्हीच करून पाहा.

चंद्र पृथ्वीपासून सुमारे 3,84,000 किलोमीटर दूर आहे. 42,000 पट मोठे दिसणे म्हणजे चंद्र 3,84,000 ÷ 42,000, म्हणजे सुमारे 9 किलोमीटरवर आल्यासारखा दिसणे. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाहून लहान तपशील ओळखता येत नाही. 9 किलोमीटरवर एवढ्या कोनात अडीच मीटरहून अधिक लांबी मावते. चार फूट म्हणजे 1.2 मीटर. मग त्या माणसाचे पंख, केस आणि हातवारे कसे दिसतील? दुर्बिणीतील प्रतिमा कृत्रिम प्रकाशाने उजळवली, असेही लेखात होते. पण भिंगाने न पकडलेला तपशील मागाहून प्रकाश टाकून निर्माण होत नाही.

आणखी एक गोष्ट. चंद्राआड जाणारा तारा हळूहळू मंद होत नाही, तो एकदम नाहीसा होतो. चंद्राभोवती दाट हवा असती तर असे झाले नसते. ही गोष्ट तेव्हाच्या ज्योतिर्विदांना माहीत होती. हवाच नाही, तर पंख कशाला?

दोन वेगळी मापे

हा बनाव उघड कोणी केला? 'सन'चे प्रतिस्पर्धी असलेल्या 'हेरल्ड' या दैनिकाचे संपादक जेम्स गॉर्डन बेनेट यांनी. लेखमाला संपता संपताच त्यांनी 'सन'चे रिचर्ड अॅडम्स लॉक हेच तिचे लेखक असल्याचे छापले. 'सन' खाली यावे, ही बेनेट यांची इच्छा उघड होती. म्हणजे ते निःपक्षपाती नव्हते. तरीही त्यांचे म्हणणे खरे ठरले. पुढे 1840 साली लॉक यांनी स्वतःच कबुली दिली.

यातून मुख्य धडा मिळतो. वृत्तपत्राचा कल आणि त्याची विश्वसनीयता ही दोन निराळी मापे आहेत. एकावरून दुसरे ठरत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका गावात शंभर घरांसाठी नळयोजना झाली आणि साठ घरांत पाणी आले. एक पत्र लिहिते, 'साठ घरांना नळाचे पाणी मिळाले'. दुसरे लिहिते, 'चाळीस घरे अजून कोरडीच'. दोन्ही खरे आहे, कल मात्र निराळा. तिसरे पत्र लिहिते, 'गावातील प्रत्येक घरात पाणी'. हे खोटे आहे, मग ते पत्र कितीही स्वतंत्र असो.

नेहमी पाच मिनिटे पुढे असणारे घड्याळ आपण वापरू शकतो. पाच मिनिटे वजा केली की झाले. पण कधी दहा मिनिटे मागे, कधी तासभर पुढे जाणारे घड्याळ काय कामाचे? ज्याचा कल आपल्याला माहीत आहे, पण जे आकडे चोख देते, ते पत्र पहिल्या घड्याळासारखे. मात्र ही तुलना फार ताणू नका. पत्राने जे मुळात छापलेच नाही, ते वजाबाकीने सापडत नाही. त्यासाठी दुसरे पत्र उघडावेच लागते.

पाच प्रश्न

आज छापील पत्रांखेरीज दूरदर्शन वाहिन्या आणि संकेतस्थळेही बातम्या देतात. त्यांतील काही स्वतंत्र म्हणवतात. कोणाचीही परीक्षा करताना पुढील प्रश्न विचारा.

1. खर्च कोण चालवतो? वर्गणीदार, जाहिरातदार, देणगीदार की सरकार? 'स्वतंत्र' म्हणजे कशापासून स्वतंत्र?

2. माहिती कोठून आली? मूळ अहवाल, ठराव किंवा प्रत्यक्ष साक्षीदार यांचा उल्लेख आहे काय? असल्यास मूळ कागद खरोखर अस्तित्वात आहे काय?

3. बातमी कोणती आणि मत कोणते? अग्रलेखात मत असणे हा दोष नाही. बातमीत ते लपवून घालणे हा दोष आहे.

4. ज्याच्यावर आरोप आहे, त्याचे म्हणणे दिले आहे काय?

5. चूक झाल्यावर ती ठळकपणे दुरुस्त केली जाते काय? 'सन'ने नेमके हेच टाळले. सप्टेंबरमध्ये त्याने या वादाची चर्चा केली, पण सरळ कबुली दिली नाही.

अशी परीक्षा करताना स्वतःकडेही पाहा. आपल्याला आवडणारी बातमी आपण चटकन खरी मानतो आणि नावडतीला पुरावा मागतो. दोहोंना एकच कसोटी लावा. आणि एकदा फसलो म्हणून 'सगळेच खोटे' असेही म्हणू नका. एक तराजू खोटा निघाला, म्हणून वजनच नसते असे कोणी म्हणत नाही.

करून पाहा

दोन निरनिराळी वृत्तपत्रे आठवडाभर वाचा. रोज एकच घटना निवडा आणि वहीत चार रकाने आखा: दोन्हींत सारखी असलेली माहिती, एकातच असलेली माहिती, वापरलेली विशेषणे आणि तपासता येण्याजोगे आकडे. त्यांतील निदान एक आकडा मूळ ठिकाणी जाऊन तपासा. ग्रामपंचायतीच्या सूचना फलकावर, शासकीय अहवालात किंवा वाचनालयात तो मिळू शकेल. आठवड्याच्या शेवटी प्रत्येक पत्राला दोन वेगळे गुण द्या, एक कलाबद्दल आणि एक अचूकपणाबद्दल. मित्रालाही स्वतंत्रपणे गुण द्यायला सांगा. तुमचे आणि त्याचे गुण जुळतात काय? जुळले नाहीत तर का, याचा दोघे मिळून शोध घ्या.