बाबांच्या फाइलमधलं ‘ओसीटी’

बाबांच्या अँजिओप्लास्टीच्या एस्टिमेटमध्ये ‘ओसीटी’ नावाची जादा ओळ दिसली आणि तुझ्या पोटात गोळा आला, हो ना? बिल फुगवतायत की काय, असं वाटणारच गं. खरं सांगू का, सासऱ्यांच्या वेळी मी तर भर वॉर्डात विचारलं होतं, “डोळ्यांची तपासणी हृदयाला कशाला?” अगदीच वेडेपणा नव्हता हं तो! १९९१ साली पुढे आलेलं हे तंत्र आधी रुळलं ते डोळ्यांच्या दवाखान्यातच.

बघ, अँजिओग्राफीत दिसते ती रक्तवाहिनीतल्या वाटेची नुसती सावली. वाट अरुंद झालीय एवढं कळतं, भिंतीत काय साठलंय ते नाही. ओसीटीत जेमतेम मिलिमीटरभर जाडीची नळी आत जाते, तिच्या टोकाशी अवरक्त प्रकाश असतो आणि भिंतीवरून परतलेल्या प्रकाशातून चित्र उमटतं. १० ते २० मायक्रॉनइतकं बारीक; ध्वनिलहरींच्या ‘आयव्हस’पेक्षा साधारण दहापट सूक्ष्म. कॅल्शियमचा थर किती जाड, स्टेंट केवढा हवा, बसवल्यावर तो भिंतीला टेकला की मध्ये फट राहिली, सगळं स्क्रीनवर. फट दिसलीच तर तिथल्या तिथे पुन्हा फुगा फुगवतात.

अडचण रक्ताची. घाटातल्या धुक्यात हेडलाइटचं जे होतं, तेच रक्तात या प्रकाशाचं. म्हणून डाय सोडून काही सेकंद रक्त बाजूला सारतात आणि तेवढ्यात चित्रं टिपतात. हा जादा डाय किडनीला सोसावा लागतो. बाबांना शुगर आहे ना? मग क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लाव. शुगरच्या गोळ्यांचं काय करायचं तेही विचार. आपल्या मनाने बंद करू नकोस बाई. किडनी नाजूक असेल तर आयव्हसचा पर्याय असतो, त्याला असा डाय लागत नाही.

आणि हे प्रत्येकाला लागतंच असं नाही. डावी मुख्य धमनी, फाट्यावरचा किंवा लांबलचक ब्लॉक असेल, तर आतून बघून काम करा असं २०२४ची युरोपियन मार्गदर्शक तत्त्वंही ठामपणे सांगतात. तिथे पैशांसाठी मागे हटू नकोस. ब्लॉक छोटा, साधा असेल, तर सही करण्याआधी डॉक्टरांना सरळ विचार: “यातून जे दिसेल त्याने तुमचा निर्णय बदलणार आहे का?” विचारायला घाबरू नकोस, तुला जमतं ते. आणि इन्शुरन्सवाल्यांकडून ओसीटीची मंजुरी आजच लेखी मागून घे.