गाडीची किंमत आणि गाडी रस्त्यावर येण्याची किंमत
(वाहन नोंदणीचा खर्च : एक अभ्यास)

आम्ही बँकेत कारकून. कर्ज विभागाच्या टेबलावर बरीच वर्षे काढली. संस्थेच्या अभ्यासिकेत येणारी मुले आम्हाला काका म्हणतात आणि नोकरीच्या अर्जापासून पासबुकाच्या नोंदीपर्यंत काहीही विचारतात. स्मरणिकेसाठी लेख द्या असा कार्यकारिणीचा आग्रह झाला, तेव्हा ज्या विषयात आपल्या माणसांचा पैसा वारंवार अडकताना पाहिला तोच विषय निवडावा असे ठरवले. हा विषय म्हणजे वाहनाच्या नोंदणीचा खर्च होय.

आमच्या वसाहतीतल्या एका मुलाची गोष्ट आधी सांगतो. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला पार्सल पोहोचवण्याचे काम मिळाले. काम मोटारसायकल असेल तरच मिळणार होते. गाडीची किंमत १ लाख रुपये. बँकेचे कर्ज ७५ हजार, आणि वर्षभर साठवलेले घरचे २५ हजार. हिशेब चोख जमला. गाडी आणायला गेला तेव्हा विक्रेत्याने पुढे कागद ठेवला, ‘आणखी २२ हजार भरा.’ घरी पाहुणे आलेले, हार-पेढे आणलेले. परत फिरण्याची लाज वाटली. त्याने दरमहा शेकडा ५ रुपये व्याजाने २२ हजार उचलले. म्हणजे महिन्याला १,१०० रुपये नुसते व्याज. बँकेच्या हप्त्यापेक्षा हे व्याजच त्याला जास्त टोचू लागले. पुढे परीक्षेचा अर्ज भरायच्या वेळी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “काका, गाडीची किंमत तर एक लाखच होती ना?”

या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच हा लेख.

१) फी आणि कर यांतील फरक

नोंदणीच्या खर्चात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र येतात. पहिली नोंदणी फी. ही केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ८१ प्रमाणे ठरते आणि सर्व देशात तिचे दर सारखे असतात. कार्यालय तुमच्या गाडीची नोंद करते, क्रमांक देते, त्या कामाचा हा मोबदला आहे. म्हणून ती लहान असते. दुसरी गोष्ट वाहन कर, ज्याला आपण रोड टॅक्स म्हणतो. वाहनांवर कर बसवण्याचा अधिकार राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, नोंद ५७ मध्ये आहे. म्हणून तो प्रत्येक राज्यात वेगळा. आपल्याकडे तो मुंबई मोटार वाहन कर अधिनियम, १९५८ या मूळ कायद्याखाली घेतला जातो. हाच कायदा आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांनी हा फरक वहीत लिहून ठेवावा. फी सेवेची असते. कराच्या बदल्यात अमुकच सेवा मिळेल असे नसते.

२) नोंदणी फीचे दर

नव्या गाडीची फी अशी आहे :

मोटारसायकल, स्कूटर : ३०० रुपये.
खाजगी मोटार : ६०० रुपये.
भाड्याने चालवायचे हलके वाहन : १,००० रुपये.
मध्यम मालवाहू किंवा प्रवासी वाहन : १,००० रुपये.
अवजड ट्रक, बस : १,५०० रुपये.
परदेशातून आणलेली दुचाकी : २,५०० रुपये, मोटार : ५,००० रुपये.
अपंग व्यक्तीसाठी खास बनवलेले वाहन : ५० रुपये.

आर. सी. चे स्मार्ट कार्ड हवे तर २०० रुपये वेगळे, शिवाय टपालखर्च. गाडी कर्जावर असेल तर आर. सी. वर बँकेचा बोजा चढवावा लागतो. त्याची फी दुचाकीला ५००, हलक्या वाहनाला १,५०० आणि मध्यम व अवजड वाहनाला ३,००० रुपये. रोखीने घेणाऱ्याला ही फी नाही. आमच्या टेबलावर येणाऱ्या अनेकांना ती ठाऊक नसते.

३) खरा भार कराचा

वरचे आकडे पाहून कुणाला वाटेल, खर्च तो किती! पण फी हे शेपूट आहे, हत्ती पुढे आहे. महाराष्ट्रात खाजगी दुचाकी व मोटारीवर एकरकमी कर असतो आणि तो किमतीच्या टक्केवारीने लागतो.

दुचाकीला इंजिनाच्या क्षमतेवर दर आहे. ९९ सी. सी. पर्यंत १० टक्के, ९९ ते २९९ सी. सी. ला ११ टक्के, त्यापुढे १२ टक्के.

व्यक्तीच्या नावावरील मोटारीला इंधन आणि किंमत दोन्ही पाहतात. पेट्रोल मोटारीला १० लाखांपर्यंत ११, १० ते २० लाखांना १२ आणि त्यापुढे १३ टक्के. डिझेलला याच टप्प्यांवर १३, १४ आणि १५ टक्के. सी. एन. जी. व एल. पी. जी. मोटारीला पूर्वी ७ ते ९ टक्के होते; २०२५ च्या अर्थसंकल्पाने त्यात एक टक्का वाढवला. त्याच वेळी कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली. मोटार कंपनीच्या नावावर असेल तर दर २० टक्के.

टप्पा ओलांडला की वाढीव दर पूर्ण किमतीवर लागतो, फक्त वरच्या रकमेवर नव्हे. आयकराची सवय असलेला माणूस येथे हमखास चुकतो. ९ लाख ९० हजारांच्या पेट्रोल मोटारीला ११ टक्क्यांनी १,०८,९०० रुपये कर होतो. १० लाख १० हजारांच्या मोटारीला १२ टक्क्यांनी १,२१,२०० रुपये. गाडीच्या किमतीत फरक २० हजारांचा, पण करात फरक १२,३०० रुपयांचा! रंग किंवा टेपरेकॉर्डर वाढवून घेताना हे ध्यानात असावे.

विजेवर चालणाऱ्या वाहनांची बाब निराळी. केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांची नोंदणी फी माफ केली, आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणाप्रमाणे ३१ मार्च २०३० पर्यंत त्यांना वाहन करातही माफी आहे. किंमत जास्त वाटली तरी तुलना करताना ही बचत धरलीच पाहिजे.

मालवाहू वाहनांत ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या गाड्यांना २०२५ पासून किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर आहे. धंद्याची गाडी घेणाऱ्याने परवाना आणि योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे पासिंग, यांचा खर्चही जोडावा. नव्या वाहतूक वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करावे लागते.

४) विम्याची अट

विम्याशिवाय नोंदणी होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात ७५ ते १५० सी. सी. दुचाकीला पाच वर्षांचे ३,८५१ रुपये आणि १,००० ते १,५०० सी. सी. मोटारीला तीन वर्षांचे १०,६४० रुपये दिले आहेत. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर. हा हप्ता कायद्याचा आहे, त्यात घासाघीस नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र कंपनीगणिक बदलतो. तो विक्रेत्याकडूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. बाहेर चौकशी करावी.

५) आता त्या मुलाचा हिशेब

१ लाखाची १२५ सी. सी. मोटारसायकल, कर्जावर :

वाहन कर ११ टक्के : ११,०००
नोंदणी फी : ३००
स्मार्ट कार्ड : २००
बोजा चढवणे : ५००
थर्ड पार्टी विमा, करासह : ४,५४४
एकूण : १६,५४४ रुपये.

विक्रेत्याने मागितले २२,०००. राहिले ५,४५६. त्यात गाडीच्या नुकसानीचा विमा, मालक-चालकाचा अपघात विमा, रस्ता सुरक्षा उपकर व टपाल हे रास्तच होते. पण शेवटी बारीक अक्षरात ‘हाताळणी’ अशी २,००० रुपयांची ओळ होती. तिची पावती नव्हती आणि तिला कोणत्याही नियमाचा आधार नव्हता. नोंदणीसाठी शासनाकडे जाणाऱ्या प्रत्येक रुपयाची पावती निघते. जिची पावती निघत नाही ती रक्कम शासनाची नव्हे, एवढे सूत्र पाठ करावे.

आमच्या मते त्या दोन हजारांपेक्षाही मोठी चूक आधीच झाली होती. अर्जासोबत त्याने गाडीच्या नुसत्या किमतीचे कोटेशन जोडले. कित्येक बँका कर, नोंदणी आणि विमा धरून रस्त्यावरच्या किमतीवर कर्ज देतात. बाबवार कोटेशन जोडले असते तर वरची रक्कम बरीचशी बँकेच्या दराने मिळाली असती आणि शेकडा पाचाची पाळी आली नसती. अर्ज घेणाऱ्याने तेव्हा दोन वाक्ये सांगितली असती तरी पुरे होते. तो अर्ज आमच्या टेबलावरून गेला नव्हता, पण असे कितीतरी अर्ज आम्हीही मान वर न करता पुढे सरकवले असतील, ही कबुली येथे द्यावीशी वाटते.

६) नोंदणीनंतरचे खर्च

खाजगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे चालते. मग नूतनीकरण, आणि ते पाच वर्षांचे असते. नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीला १,०००, तीनचाकीला २,५०० व मोटारीला ५,००० रुपये झाली. वाहन २० वर्षांपलीकडचे असेल तर ऑगस्ट २०२५ पासून दुचाकीला २,००० आणि मोटारीला १०,००० रुपये. वर पर्यावरण कर. उशीर झाला तर दुचाकीला दरमहा ३०० आणि इतर खाजगी वाहनाला दरमहा ५०० रुपये जादा.

येथे आमचीच फजिती सांगतो. आम्ही २००८ मध्ये स्कूटर घेतली, कर्ज २०११ मध्ये फेडले. लोकांना ‘नमुना ३५ भरून बोजा उतरवा’ असे रोज सांगणारे आम्ही, स्वतःच्या आर. सी. वरचा बोजा तसाच ठेवला. मुदत २०२३ मध्ये संपली तेही पाहिले नाही. ११ महिन्यांनी गेलो तेव्हा १,००० रुपये फी, ३,३०० रुपये उशिराचे आणि कार्डाचे २००, असे ४,५०० रुपये मोजले. शिवाय पर्यावरण कर, आणि बोजा उतरवण्याचे हेलपाटे वेगळे. घरच्यांनी जे ऐकवले ते स्मरणिकेत छापण्याजोगे नाही. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. वाचकांनी आजच आर. सी. काढून तारीख बघावी.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याने नमुना २९ व ३० भरून नाव लावून घ्यावे. त्याची फी नोंदणी फीच्या निम्मी, म्हणजे दुचाकीला १५० व मोटारीला ३०० रुपये. एवढ्यासाठी लोक वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नावावरची गाडी फिरवतात. अपघात झाला तर नोटीस जुन्या मालकाच्या दारी जाते आणि नव्याला भरपाई मागताना नाकी नऊ येतात. मालक वारला असेल तर ३० दिवसांत कार्यालयास कळवून तीन महिन्यांत वारसाने अर्ज करावा, असे कायदा सांगतो. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही. अशा वेळी शेजाऱ्याने आठवण द्यावी.

१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसवणे राज्यात आवश्यक केले आहे. तिचे दर दुचाकीला ४५०, तीनचाकीला ५०० व चारचाकीला ७४५ रुपये, वर वस्तू व सेवा कर.

परराज्यातून आणलेली गाडी येथे १२ महिन्यांहून अधिक ठेवायची असेल तर मूळ कार्यालयाचा ना हरकत दाखला घेऊन येथे नवी नोंदणी करावी लागते आणि वयानुसार येथील करही भरावा लागतो. बदलीच्या नोकरीतील सभासदांनी हे जाणून असावे.

नोंदणी न करता गाडी चालवली तर पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत आणि नंतर १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. वाचवलेले पैसे असे दामदुपटीने जातात.

७) विद्यार्थ्यांसाठी उदाहरणे

(अ) ११० सी. सी. ची ८० हजारांची स्कूटर रोखीने घेतली. कर, फी, कार्ड व थर्ड पार्टी विमा मिळून किती? (उत्तर : १३,८४४ रुपये.)

(ब) त्याच किमतीची विजेवरची स्कूटर घेतली तर कर व नोंदणी फीचे किती वाचतील? (उत्तर : ९,१०० रुपये.)

(क) १२ लाखांची पेट्रोल मोटार व्यक्तीच्या नावावर आणि कंपनीच्या नावावर घेतली तर कर किती? (उत्तर : १,४४,००० आणि २,४०,००० रुपये.)

असो. गाडी घेऊ नका असे आमचे म्हणणे मुळीच नाही. गाडीमुळे रोजगार मिळतो, आजारी माणूस वेळेवर दवाखान्यात पोहोचतो. आमचे एवढेच सांगणे की हार-पेढे आणण्याआधी बाबवार कागद मागावा, घरी आणावा आणि दिव्याखाली शांतपणे वाचावा. न समजलेल्या ओळीखाली रेघ मारावी आणि जाणत्याला विचारावे. रविवारी सकाळी अभ्यासिकेत आम्ही असतो. त्या मुलाने व्याजाचे कर्ज फेडले, परीक्षाही दिली. आता नवी गाडी घेणारा मुलगा आला की तोच कागद हातात घेतो आणि एकेक ओळ समजावून सांगतो.